बाई, हात काढा ना

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. पहिलीच्या वर्गात मी चित्रांची पुस्तकं मांडून ठेवली होती आणि एकेकाला जवळ बोलावून "मला वाचून दाखव" म्हणत होते. एक मुलगा आला, पुस्तक सुलट धरलं आणि पानामागून पान घडाघडा म्हणत सुटला. हत्ती नदीवर गेला, हत्तीनं सोंडेत पाणी भरलं, माकडाच्या अंगावर उडवलं. आवाजात चढउतार, वाक्य संपलं की थांबणं, सगळं होतं. मला फार बरं वाटलं. मग काहीतरी शंका येऊन एका पानावरच्या चित्रावर मी तळहात ठेवला. खालच्या दोन ओळी पूर्ण उघड्या होत्या. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हात काढा ना. तिथंच तर लिहिलंय."

त्याच्या मते वाचायचं असतं ते चित्र. खालची काळी नक्षी कशासाठी आहे, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. माझ्याही मनात तो कधी आला नव्हता.

मी एकवीस वर्षं वरच्या वर्गांना शिकवत आले होते. पहिली मला कुणी दिली नाही, मी मागून घेतली. कारण त्याआधीच्या वर्षी सातवीत एक मुलगा होता. कविता तोंडपाठ, वर्गात हसरा, फळा पुसायला सगळ्यांत आधी धावणारा. वाचायला उभं केलं की शेजारचा हळूच शब्द पुरवायचा आणि हा तो मोठ्यानं म्हणायचा. अर्धं वर्ष गेल्यावर एकदा मी त्याला एकट्याला बसवलं आणि नवा परिच्छेद पुढे ठेवला. तीन अक्षरांपलीकडचा शब्द त्याला लागत नव्हता. सात वर्षं तो रोज शाळेत आला होता. त्या दिवशी तो रडला नाही, नुसता खाली बघत राहिला, आणि मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. हे कुठं सुरू होतं ते बघायचं म्हणून मी मुख्याध्यापकांकडे पहिलीचा वर्ग मागितला.

पहिला महिना मी तेच केलं जे मला लहानपणी केलेलं आठवत होतं. मुळाक्षरांचा तक्ता, हातात छडी, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. एकतीस मुलं एका सुरात म्हणायची, वर्ग दणाणून जायचा. तीन आठवड्यांत सगळ्यांना "येऊ" लागलं. मग एकदा मी तक्त्यावर मध्येच "द" वर छडी ठेवली आणि वर्ग गप्प झाला. एक मुलगी धीर करून पुढे आली. तिनं "क"वर बोट ठेवलं आणि चालीत म्हणत म्हणत, बोट सरकवत "द"पर्यंत पोचली. "द!" ती आनंदानं म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, रस्ता येत होता. रोज त्या रस्त्यानं चालत जाऊन ती अक्षराचं घर शोधणार होती. एका शब्दात तीन अक्षरं असतील तर तीनदा चालणार होती.

आपल्या वर्णमालेचा क्रम ही फार देखणी गोष्ट आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. क वर्ग कंठात, मग टाळू, मग मूर्धा, मग दात, आणि प वर्गाला आवाज ओठांवर येऊन पोचतो. तोंडातल्या जागांचा तो नकाशाच आहे. पण ज्याला बोलता येतं आणि बोलण्याचा विचार करता येतो, त्याच्यासाठी तो नकाशा. सहा वर्षांच्या मुलाला तोच क्रम त्रासाचा होतो, कारण कानाला सगळ्यांत सारखी वाटणारी अक्षरं त्यात शेजारीशेजारी बसलेली आहेत: त थ द ध, प फ ब भ. डोळ्यांना सारखी वाटणारी आणखी निराळी: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. ओळखीच्याच दोन माणसांना एकाच दिवशी सारखे कपडे घालून समोर आणावं तसं ते होतं.

आमच्या शाळेत पूर्वी पहिली सांभाळलेल्या, आता निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला काही शिकवलं नाही, उलट विचारलं, "तुझ्या पोरांना पहिला शब्द कधी वाचायला मिळणार?" मी हिशोब केला. सगळी मुळाक्षरं, मग काना, मग वेलांट्या. म्हटलं, चौथ्या महिन्यात. "चार महिने ती काय म्हणून अक्षरं शिकणार?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळला. र, ब, स, म, न एवढी पाच अक्षरं घेतली आणि त्यांच्याबरोबरच काना. एवढ्या सामानात किती शब्द होतात ते मी स्वतःच आदल्या रात्री मांडून पाहिलं होतं आणि थक्क झाले होते: बस, मन, रान, मान, बाबा, मामा, नाना, बरा, सरस, समान. दहाव्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "मामा, बसा ना." कुणीतरी ते वाचलं, मग शेजारच्यानं वाचलं, मग वर्गभर ते वाक्य धावलं. मला जो आवाज ऐकू आला तो पाठांतराचा नव्हता. फळ्यानं त्यांना काहीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं.

मात्र हे सगळ्यांचं झालं नाही. एकतीसपैकी दहाबाराजणांना पाचही अक्षरं येत होती, तरी "बस" वाचता येत नव्हतं. "ब… स…" म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "मग काय झालं?" ती म्हणायची, "ब आणि स." तेव्हा मला कळलं की अडचण डोळ्यांची नाही, कानाची आहे. त्यांना शब्द हा एकसंध ऐकू येत होता. तो आवाजांचे तुकडे जोडून बनतो हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

मग रोज पंधरा मिनिटं पुस्तक-पाटी बंद. नुसतं ऐकणं आणि बोलणं. "कमळ" म्हणत तीन टाळ्या. "फुलपाखरू"ला पाच. "बदकमधला 'ब' पळून गेला, काय उरलं?" "दक!" "कागदमधला 'का' पळाला?" "गद!" या निरर्थक शब्दांवर मुलं हसून लोळायची, आणि हसता हसता शब्द मोडायला शिकायची. मोडता आलं की जोडता येतं. तीन आठवड्यांत त्या दहाबारापैकी सातजणांना "ब… स… बस!" हा शेवटचा उडीचा क्षण सापडला. त्या वेळी मुलाचं तोंड कसं दिसतं हे ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. डोळे आधी मोठे होतात, शब्द नंतर येतो.

इथं आपल्या लिपीची एक गंमत आणि एक अडचण एकदमच समोर येते. "कमळ" टाळ्यांनी मोडणं मुलाला सहज जमतं, कारण अक्षर हे आपल्या उच्चाराचं नैसर्गिक माप आहे. पण "का" हे एकच टाळीचं अक्षर आतून पुन्हा दोन आवाजांचं आहे, क् आणि आ, हे मुलाला ऐकू येत नाही, आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा ही सगळी चिन्हं नेमकी त्या आतल्या आवाजासाठी आहेत. रोमन लिपीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे क ते ज्ञ छत्तीस धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर ४३२ रूपं होतात. जोडाक्षरं अजून आलेलीच नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. कन्नडही आपल्यासारखीच अक्षरांची लिपी. त्यात दिसलं की सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना पहिलीनंतरही वर्षं लागतात आणि अक्षराच्या आतला सुटा आवाज ओळखणं हळूहळू येतं. हे वाचलं त्या रात्री मला मोठा दिलासा मिळाला. माझी मुलं मागे नव्हती. त्यांच्यापुढचा डोंगर मोठा होता.

बाराखडी आपण आडवी म्हणतो: क का कि की. मी ती उभीही म्हणायला लावली: का, मा, सा, ना, बा. प्रत्येक वेळी तोंड सारखंच उघडतं ना, बघा. एक छोटा आरसा आणला होता, तो हातोहात फिरायचा. मग की, मी, सी, नी: आता ओठ पसरले. कू, मू, सू, नू: आता ओठांचा चंबू. चिन्ह कागदावर दिसण्याआधी मुलांना ते स्वतःच्या तोंडावर दिसलं. ज्या मुलांना कान्याचा अर्थ महिनाभर लागला नव्हता, त्यांना पहिली वेलांटी सोडून बाकी मात्रा आठवड्याभरात लागल्या.

पहिली वेलांटी मात्र वेगळीच. ती लिहायची आधी, म्हणायची नंतर. एका मुलानं "दिवस" हा शब्द "इदवस" असा वाचला आणि मी क्षणभर चिडले. मग कागदाकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे वाचायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्यानं माझं तंतोतंत ऐकलं होतं. लिपीच तिथं नियम मोडते, हे सांगायला मी विसरले होते. पुढं रफार येईल तेव्हा हीच गोष्ट उलट दिशेनं होणार: सूर्य मधला र् म्हणायचा आधी आणि तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर.

आणखी एक गोष्ट मला मुलांनीच दाखवली. आपण "घर" लिहितो, पण म्हणतो "घर्". शेवटचा अ तोंडात येतच नाही. मूल मात्र अक्षर शिकताना "र" पूर्ण शिकतं, त्यामुळे जोडताना "घऽ रऽ" असं लांबलचक काहीतरी तयार होतं, आणि तो त्याच्या ओळखीचा शब्दच नसतो. "पटकन म्हण, घरी म्हणतोस तसं म्हण," असं म्हटल्यावर त्याच्या कानाला शब्द सापडतो. तो आधीपासून कानात असेल तरच. "चाक" आणि "चार" यांतला च वेगळा आहे हे कागदावर कुठं लिहिलंय? ज्यानं दोन्ही शब्द ऐकलेत त्यालाच ते वाचता येतात. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. त्यांनी दोन्हींची बेरीज मांडली नाही, गुणाकार मांडला. दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. सातवीतला तो मुलगा मला त्या सूत्रात दिसला. भाषा भरपूर, लिपी शून्य.

आता माझ्या चुकीबद्दल सांगायला हवं.

दुसऱ्या महिन्यापासून मी मुलांना कोरे कागद देऊ लागले. गिरवायचं काही नाही, जे सांगायचंय ते काढा आणि लिहा. बहुतेक मुलं आधी चित्र काढायची आणि खाली काहीबाही रेघोट्या. मग रेघोट्यांत हळूहळू अक्षरं उगवू लागली. "मझ भव" असं एकानं लिहिलं, म्हणजे माझा भाऊ. "घरआत" असं दुसरीनं. खिडकीपाशी बसणारी एक शांत मुलगी होती, तिनं एका खांबाला टेकून बसलेला कुत्रा काढला आणि खाली लिहिलं: "खामब". मी लाल पेनानं त्यावर रेघ मारली आणि बाजूला ठळक "खांब" लिहिलं. आणखी तीन शब्द होते, तेही दुरुस्त केले. कागद तिच्या हातात दिला. तिनं पाहिला, घडी केली आणि दप्तरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्र काढलं आणि खालची जागा कोरी ठेवली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, काय लिहायचं ते तुम्ही फळ्यावर लिहून द्या. मी बघून लिहीन."

सातवीतला मुलगा नेमका असाच कधीतरी थांबला असेल, असं मला वाटलं. त्या रात्री मी सगळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले आणि चूक-बरोबर न बघता नुसतं वाचायचं ठरवलं. "खामब" तोंडानं म्हणून पाहिलं. मग "खांब" म्हणून पाहिलं. काहीच फरक नाही. ब च्या आधीचा अनुस्वार म् सारखाच उच्चारतात. आपण मोठी माणसं त्यावर टिंब देतो कारण तशी रीत आहे, ऐकू येतं ते म्. तिनं अक्षराच्या आत दडलेला आवाज, जो पहिलीतल्या मुलांना सापडणं अवघड असतं असं मी नुकतंच वाचलं होतं, तो सापडवला होता आणि त्याला योग्य अक्षरही दिलं होतं. आणि मी त्यावर रेघ मारली होती.

मग गठ्ठ्यातले बाकीचे कागदही बोलू लागले. "मझ भव" लिहिणाऱ्याला व्यंजनं सगळी ऐकू येत होती, स्वर अजून नाही. त्याला आरशाची गरज होती. "घरआत" लिहिणारी त्याच्यापुढे होती: तिला स्वर सुटा ऐकू आला होता, पण व्यंजनामागं आला की आ चा काना होतो, एवढंच तिला सांगायचं राहिलं होतं. "कुतरा" लिहिणाऱ्याला जोडाक्षर दाखवलं की झालं. "शळत" लिहिणाऱ्याला एकदम सगळ्या मात्रा सुधारून दिल्या असत्या तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. त्याला आधी फक्त काना. मी वीस वर्षं वह्या तपासल्या होत्या, पण एवढी माहिती त्यांत असते हे मला माहीत नव्हतं. अमेरिकेत चार्ल्स रीड नावाच्या भाषाअभ्यासकानं १९७१ साली शाळेत न गेलेल्या लहान मुलांच्या मनच्या स्पेलिंगांवर लिहिलं होतं. ट्रक हा शब्द ती मुलं "च्रक" असा लिहायची, आणि रीड यांनी दाखवलं की इंग्रजीत ट नंतर र आला की तोंडात खरोखरच च सारखा आवाज होतो. मोठ्यांना तो ऐकू येत नाही, कारण त्यांचं स्पेलिंग पाठ झालेलं असतं.

लाल पेन मी कपाटात ठेवलं. मुलांच्या लिखाणाला उत्तर लिहू लागले. खिडकीपाशीच्या मुलीच्या एका कागदाखाली लिहिलं, "खांबाला टेकून बसलेला कुत्रा झोपलाय का?" तिला सगळं वाचता आलं नाही. शेजारणीच्या मदतीनं वाचलं. "खांबाला"पाशी थांबली, तिचा जुना कागद दप्तरातून काढला, दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मला काही विचारलं नाही. पण खाली लिहिलं: "नही. भक लगल." नाही, भूक लागली. तिला पुन्हा लिहितं करायला मला सतरा दिवस लागले होते.

याच काळात आणखी एका मुलाच्या बाबतीत मी तीच चूक करणार होते. तो "पाणी"ला "पानी" म्हणायचा आणि तसंच लिहायचा. घरात सगळे तसंच बोलतात. त्याच्या लिखाणात त्याचं घर होतं आणि त्याच्या कानाच्या दृष्टीनं ते अचूक होतं. वर्गात आम्ही दोन उभे रकाने केले: घरी म्हणतो ते, पुस्तकात लिहितात ते. मुलांना त्याचा नाद लागला. रोज कुणी ना कुणी घरचा एक शब्द घेऊन यायचं. पूर्वी वर्गात तोंड न उघडणारा तो मुलगा त्या फळ्यावर सगळ्यांत जास्त शब्द देणारा झाला.

पालकसभेत दोन प्रश्न आले. एका बाबांनी मुलीची वही आणली होती. तिनं ३ हा आकडा आरशात दिसावा तसा उलटा काढला होता आणि तो ६ झाला होता. उ ची तीच गत. त्यांना भीती वाटत होती, काही दोष तर नाही? स्तानिस्लास दहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं याबद्दलचं स्पष्टीकरण मी त्यांना सांगितलं. अक्षरं ओळखायला मेंदू जो भाग वापरतो, तो मुळात चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांपैकी. कप उजवीकडून बघा की डावीकडून, तो कपच. मुलानं जन्मापासून हेच शिकलेलं असतं, आणि अक्षरांपाशी येऊन एकदम सांगितलं जातं की नाही, इथं बाजू बदलली की वस्तू बदलते. हे विसरायला वेळ लागतो आणि या वयात ते सगळ्यांचंच होतं. दोनतीन वर्षांनीही टिकून राहिलं, सोबत वाचनही अडत असेल, तर मग तपासायचं. वर्गात एक मुलगी प आणि ब मध्ये सतत गोंधळायची, तिच्या आईवडिलांना मात्र मी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि ते बरं झालं. तिला एका कानानं कमी ऐकू येत होतं. तिची जागा बदलली.

दुसरा प्रश्न एका आईचा. सगळे गेल्यावर ती मागं थांबली. चित्रावरचा हात काढायला सांगणाऱ्या मुलाची आई. "बाई, मला अक्षरओळख नाही. मी त्याचा अभ्यास कसा घेणार?"

"ताई, रात्री त्याला गोष्ट सांगता का?"

"गोष्ट कसली, गप्पा मारतो आम्ही. दिवसभर काय झालं ते."

"तेच करा. फक्त त्याला जास्त बोलू द्या. मग काय झालं, का झालं, असं विचारत जा. पुस्तक दिलं तर चित्रं बघत त्यालाच गोष्ट सांगायला लावा."

हे मी तिचं मन राखायला म्हटलं नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोनतीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं, की पुस्तक नुसतं वाचून दाखवू नका, प्रश्न विचारा, मूल बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं बाकीच्यांपेक्षा पुढे गेलं. मी स्वतः वर्गात गोष्ट संपली की "तात्पर्य काय?" विचारायची. ते बंद केलं. आता मध्येच थांबून विचारते, "ती दार उघडेल असं वाटतं का? का?" एकेका "का" वर दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं वाया जातात असं मला वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा माझ्यापाशी बसून सांगू लागला, मी लिहून घेऊ लागले. "काल पाऊस आला. मांजरानं पिल्लं माझ्या दप्तरात आणून ठेवली. मी दप्तर हलवलं नाही." एकेक शब्द मी म्हणत म्हणत लिहीत होते आणि तो पेनाच्या टोकाकडे बघत होता. मी लिहायला वेळ लावतेय हे पाहून तो आपोआप हळू बोलू लागला. आपलं बोलणं त्या रेघांमध्ये उतरतंय हे त्याला त्या क्षणी दिसलं असावं. मग अचानक विचारलं, "बाई, हत्तीला दोनच अक्षरं आणि फुलपाखराला एवढी?" एमिलिया फेरेरो या अर्जेंटिनाच्या संशोधिकेला मुलांशी बोलताना हेच आढळलं होतं: मोठ्या वस्तूचा शब्द मोठा असणार, अशी मुलांची अटकळ असते. चित्रात हत्ती वाचणारा मुलगा आता शब्दात हत्ती शोधत होता आणि तो त्याला तिथं मावत नव्हता. मी त्याला दोन्ही शब्द टाळ्या वाजवून म्हणायला सांगितले. त्यानं म्हटले. पुन्हा म्हटले. "म्हणजे हे हत्तीचं नाही," तो म्हणाला, "हे हत्ती म्हणण्याचं आहे."

न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९६६ च्या आपल्या प्रबंधासाठी शाळेत नव्यानं आलेल्या मुलांचं वर्षभर दर आठवड्याला निरीक्षण केलं होतं. त्यांनी मुलांना विचारायचे प्रश्न तयार केले, तेही असेच होते: या पानावर वाचायचं काय आहे, कुठून सुरू करायचं, ओळ संपली की कुठं जायचं. माझ्या वर्गातल्या मुलाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला पाच महिने लागले. त्यानंतर मात्र अक्षरं तो भराभर गोळा करू लागला, कारण आता ती कशासाठी आहेत हे त्याला माहीत होतं. मांजराच्या पिल्लांचं पान त्यानं इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. मी नवीन लिहून देऊ का विचारलं, तर म्हणाला, "नको, मी लिहितो."

वर्ष संपलं तेव्हा एकतीसपैकी तेवीस मुलं नवा, न पाहिलेला छोटा मजकूर वाचून त्याबद्दल बोलू शकत होती. चारजण शब्द वाचत होते, वाक्यात दमत होते. चारजणांचं अजून शब्दांशी जुळलं नव्हतं. त्या चौघांपैकी दोघांना आवाज जोडता येत नाहीत, एकाला काना सोडून मात्रा ऐकू येत नाहीत, आणि एक मुलगी इतके दिवस गैरहजर होती की तिचं काय अडलंय हे मलाच नीट कळलेलं नाही. हे मी एका कागदावर लिहिलं आणि मुख्याध्यापकांकडे गेले: मला याच मुलांबरोबर दुसरीला जाऊ द्या. त्यांनी मान्य केलं.

शेवटच्या दिवशी मुलांनी कागद जमा केले. खिडकीपाशीच्या मुलीनं या वेळी पानभर लिहिलं होतं. "खांब" होता, टिंबासकट. "चेंडू" होता. "कुत्रा" जोडाक्षरानं. मग एका ओळीत, मोठ्या आयाळीच्या प्राण्याच्या चित्राखाली, शब्द होता: "सिव".

मी पेन हातात घेतलंच नव्हतं. दार लावलं, रिकाम्या वर्गात उभी राहिले आणि "सिंह" हा शब्द मोठ्यानं म्हटला. पुन्हा म्हटला, सावकाश, ओठांवर बोट ठेवून. ह च्या आधी ओठ जवळ आले, आणि तिथं व होता.